बत्तीस-ग आणि मालेगावचे वकील

नाशिकच्या पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज कुठं, असं विचारलं तर कुणीही बोट दाखवेल. त्या अक्षरांतले कर्मवीर भाऊसाहेब हिरे कोण, हे मात्र सांगावं लागतं. महात्मा गांधी विद्यामंदिराचे संस्थापक, एवढी ओळख बहुतेकांना पुरते. मला आज बोलायचंय ते त्यांच्यातल्या वकिलाबद्दल. मालेगावात वकिली करणारा हा माणूस पुढं मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाला.

कुळकायदा १९४८पासून होता. कुळाला संरक्षण होतं, जमीन विकत घ्यायचा हक्कही होता. पण तो बजावायला पुढं यायचं कुळानंच. ज्याच्या ओसरीवर जाऊन बियाणं आणि उचल मागायची, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? तालुक्याच्या कोर्टात वावरलेल्या वकिलाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाऊसाहेबांच्या काळात १९५६ची दुरुस्ती आली आणि गाडं उलटं फिरलं. १ एप्रिल १९५७ला जो कूळ म्हणून जमीन कसत असेल, त्यानं ती विकत घेतली असंच कायदा धरून चालणार. दावा नको, अर्ज नको. नोटीस काढायची सरकारनं. मग कलम ३२-गखाली किंमत ठरायची, साधारण जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट. पैसे भरले की ३२-मचं प्रमाणपत्र. सभागृहातल्या शंभर भाषणांपेक्षा ही एक तरतूद मला मोठी वाटते.

फटी होत्याच. स्वतः कसायची म्हणून मालकाला जमीन परत मागता येत होती; त्यासाठी ३१ मार्च १९५७पर्यंत मुदत होती. कूळ तारखेला आलंच नाही, किंवा ‘नको मला’ म्हणालं, तर खरेदी निष्फळ. आणि कुळाकडून ‘राजीखुशीनं’ राजीनामे कसे लिहून घेतले जात, ते खेड्यातल्या माणसानं मला सांगू नये, मीच त्याला विचारावं! या फटी एका वकिलाला दिसल्या नसतील, असं मला वाटत नाही. सभागृहाचं गणितही सांभाळावं लागत असणार.

त्या गणितात पुढं तेच मागं पडले. १९५६च्या ऑक्टोबरात विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी ते उभे राहिले. यशवंतराव चव्हाणांना ३३३ मतं पडली, त्यांना १११. १९६१मध्ये ते गेले.

कलमं मात्र अजून तहसील कचेरीत चालतात. श्रोतेहो, आजोबांना कुळानं मिळालेली जमीन विकायची असेल, तर सातबाऱ्यावर इतर हक्कांत ‘कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे का, ते आधी पाहा. खरेदीला दहा वर्षं उलटली असतील, तर २०१४च्या दुरुस्तीनं आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. त्यासाठी ३२-मचा कागद शोधून ठेवा.