गोळी घ्यायची की नाही, हे कुणी ठरवायचं?

(मुरुड, जि. लातूर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागच्या बैठकीत तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला होता. एक म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत म्हणतात, खरं का?" दुसरी म्हणाली, "गोळ्या खाऊन माझी जाऊ नुसती झोपून असते, ते का बरं होणं झालं?" आणि मागं बसलेल्या मावशी म्हणाल्या, "नवऱ्याच्या जाचानं बाई खचली तर गोळी तिला कशाला? समज नवऱ्याला द्या की!" मावशींच्या प्रश्नाला टाळ्या पडल्या. पडायलाच पाहिजेत. पण टाळ्या वाजवून तो प्रश्न संपत नाही, म्हणून आज त्यावरच बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. चळवळीतली कार्यकर्ती आहे, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेतलेली बाई आहे. ज्या खासगी दवाखान्यात मला पहिल्यांदा नेलं तिथं डॉक्टर सगळं माझ्या नवऱ्याशी बोलले. मी खुर्चीवर बसलेली, आणि विचारतात यांना, "झोपतात का? जेवतात का?" चिठ्ठी यांच्याच हातात दिली. गोळी कशाची, किती दिवस, काय त्रास होईल, एक अक्षर नाही. चार दिवसांत तोंड असं कोरडं पडलं की भाकरीचा घास गिळेना. शौचाला साफ होईना. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढं अंधारी. मला वाटलं, आता हे आणखी एक दुखणं लागलं. नंतर सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, की हा त्या जुन्या जातीच्या गोळीचा ठरलेला त्रास आहे आणि दुसरी गोळी देता येते. दोन मिनिटं लागली त्यांना सांगायला.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येते. आपली चळवळ मानसोपचाराकडं संशयानं बघत आली, त्याला कारणं आहेत. जाच सोसणाऱ्या बाईलाच वेडी ठरवायची, माहेरी आणून टाकायची, आणि त्याच चिठ्ठीवर घटस्फोट मागायचा, हे आपण कोर्टाच्या पायऱ्यांवर पाहिलंय. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं, की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती आणि कसा हे बघावं लागेल. पण ते निकालपत्र खेड्यातल्या बाईपर्यंत कोण नेतं? १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून. तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला, १९९९ साली त्यासाठी बापू ट्रस्ट उभा केला. २०२४ साली त्या गेल्या. त्यांचं सगळंच मला पटत नाही, पण बाईचं दुःख तिच्या घरातून, कामातून, जातीतून येतं, ते फक्त मेंदूत शोधू नका, हे त्यांचं म्हणणं पक्कं आहे.

तरीही मी गोळीच्या बाजूनं बोलणार आहे. थोडं थांबून ऐका.

दुःख आणि आजार यांच्यामध्ये रेघ ओढलेली नसते, पण दोन टोकं तर दिसतात. पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, नवरा पितो, आणि बाई रडते: हे दुःख आहे. तिला गोळी नको, पैसा पाहिजे, आधार पाहिजे, पोलीस ठाण्यात तिच्या बाजूनं उभं राहणारं कुणी पाहिजे. पण तीच बाई तीन आठवडे अंघोळ करत नाही, ताट पुढं आलं तरी हात उचलत नाही, लेकरू रडलं तर तिला काहीच वाटत नाही, पहाटे तीनला जागी होऊन छताकडं बघत राहते, आणि म्हणते, "माझ्यामुळंच सगळ्यांचं वाटोळं झालं, मी नसले तर बरं": हे तीव्र नैराश्य आहे. तिथं नवऱ्याला समज देऊन भागत नाही. समज द्याच, पण तोवर ती जगली पाहिजे. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, आपल्या जिल्ह्यानं सगळं गमावलेली माणसं पाहिली. कुणी सहा महिन्यांनी पुन्हा कामाला लागलं, कुणी नव्या पत्र्याच्या घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिलं. संकट एकच होतं. त्या दुसऱ्या माणसाला "मन घट्ट कर" म्हणणं हा अडाणीपणाच.

गोळी काय करते? पूर्वी सांगायचे, मेंदूत एक रसायन कमी पडतं, गोळी ते भरून काढते. इतकं सोपं ते नाही, असं आता संशोधकच म्हणतात. पण गोळीचा उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. २०१८ साली २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सगळीच औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फार मोठ्या फरकानं नव्हे. म्हणजे ही जादू नाही आणि थोतांडही नाही. नैराश्य जितकं तीव्र, तितका गोळीला अर्थ जास्त. साध्या उदासीला पहिल्या फटक्यात गोळी देऊच नये, असं माझं मत आहे.

आणि गोळीआधी रक्त तपासून घ्या. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी, थायरॉईडचा आजार कुणी बघितलेला नाही. थायरॉईड मंदावली की बाई सुस्तावते, जड होते, रडवेली होते. तिला नैराश्याची गोळी देत बसलं तर मूळ दुखणं तसंच राहतं.

आता त्रासाचं. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन या जुन्या गोळ्या १९५०-६० च्या सुमाराच्या. स्वस्त आहेत, आजही दिल्या जातात. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, गुंगी, वजन वाढणं, उभं राहताना चक्कर. हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरला आधी सांगा. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा: या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं. ज्या घरात मरणाची भाषा चालू आहे तिथं महिन्याची पाकिटं बाईच्या उशाशी ठेवू नका. आठवड्याच्या गोळ्या आणा, दुसऱ्या कुणी सांभाळा. फवारणीचं औषधसुद्धा त्या दिवसांत घरात नको, शेजाऱ्याच्या कुलपात राहू द्या.

नंतरच्या गोळ्या फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम. अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला १९८७ साली परवानगी मिळाली, म्हणजे या काही कालच्या नाहीत. यांनी पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, जीव घाबरा होतो. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत निवतं. पण गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा आठवडेही लागतात. मैत्रिणींनो, इथंच घोटाळा होतो. त्रास पहिल्या दिवशी, गुण महिन्यानं. आठव्या दिवशी बाई म्हणते, "ह्या गोळीनं मी अजूनच आजारी पडले," आणि पाकीट उकिरड्यावर. हे आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे, पण तो सांगत नसेल तर आपण सांगायचं. पंचवीस वर्षांखालच्या मुलींना मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. तिला एकटं सोडू नका, आणि तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा.

या गोळ्यांचा आणखी एक त्रास आहे, तो कुणी उच्चारत नाही. शरीरसंबंधाची इच्छा मरते, सुख लागत नाही. मला कुणी विचारलं नाही. बाईला इच्छा असते हेच ज्यांच्या गावी नाही, ते ती गेली का हे कशाला विचारतील! घरी मात्र नवरा संशय घेतो, की हिचं मन दुसरीकडं लागलं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. लाजू नका, विचारा.

लिथियमबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडं कुणाकुणाला ते चालू आहे. उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराला ते देतात. चांगलं औषध आहे, पण रक्तातलं प्रमाण, थायरॉईड, मूत्रपिंड तपासत राहावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात वाढतं आणि विष होतं. २०१६ ला लातूरला रेल्वेनं मिरजेहून पाणी आणलं, त्या आपल्या मुलखात एप्रिल-मे महिन्यात रानात राबणाऱ्या बाईला हे सांगायलाच हवं. हातपाय थरथरले, जुलाब-उलट्या लागल्या, बोलणं अडखळलं, तर थेट दवाखाना. आणि उन्मादाचा आजार असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर बाई उलट भडकू शकते. म्हणून "पूर्वी कधी दोन दोन रात्री न झोपता खूप उत्साहात होतीस का?" हे डॉक्टरनं विचारलं पाहिजे. फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट याही आजारात देतात. ज्या बाईला मूल होऊ शकतं तिनं ते शक्यतो टाळावं, गर्भात व्यंग राहतं.

आणि मेडिकलमधून परस्पर मिळणारी ती झोपेची गोळी, अल्प्राझोलाम. "गोळ्या सुटत नाहीत" ही भीती तिच्याबद्दल खरी आहे. तिची सवय लागते. नैराश्याच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड होते. बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने घ्यायची आणि मग हळूहळू कमी करत सोडायची. मी तशीच सोडली. पोट राहिलं किंवा बाळ अंगावर पीत असलं तरी स्वतःच्या मनानं बंद करू नका. सर्ट्रालीनसारखी गोळी दुधातून फार थोडी जाते, डॉक्टरशी बोलून ठरवता येतं.

मग दुसरा मार्ग कोणता? देवऋषी, दर्गा, अंगारा, याबद्दल मी इथं भांडणार नाही. तिथं बाईला निदान चार लोकांत रडायला मिळतं, हे मला ठाऊक आहे. पण साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे, मग ते कुठंही असो. खरा दुसरा मार्ग बोलण्याचा. गोव्यात तो नीट मोजून पाहिला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुऑक्सेटीनचा दोन महिन्यांत उपयोग दिसला, समुपदेशनाचा दिसला नाही. तिथल्या लोकांनी समुपदेशनाची रीतच बदलली. २०१७ च्या अभ्यासात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण होते, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. अर्ध्यांना गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ वेळा भेटून बोलतं केलं: आज काय केलंस, उद्या कुठलं एक काम करशील, कुणाला भेटशील. तीन महिन्यांनी त्यांच्यातले शंभरात ६४ बरे होते. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ३९. कुणी गोळी बंद करा म्हणालं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. हे काम आपल्या बचतगटातली ताई, आशा ताई शिकू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' नावाच्या प्रकल्पात गावच्याच माणसांनी असं काम केलं आहे.

शॉकचं विचारलं होतं. बाई पाणीसुद्धा घेत नसेल, जिवाला धोका असेल, तर तो लवकर गुण देतो. आठवण काही काळ, कधी कधी कायमची, जाते, हेही तितकंच खरं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. असा शॉक कुणी देत असेल तर आपण सगळ्या मिळून जाऊ.

हा कायदा २०१८ पासून लागू आहे, आणि बायकांनी तो वापरलेला नाही. महाराष्ट्रातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. म्हणून आपल्याला लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जावं लागतं. तिथं आपले कागद मागण्याचा हक्क आहे, औषधाचे त्रास समजावून घेण्याचा हक्क आहे. आपल्याला बरं असतानाच लिहून ठेवता येतं, की पुढं मला समज राहिली नाही तर कोणता उपचार हवा, कोणता नको. एस.टी.ला पैसे नसतील, रात्र असेल, तर १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मावशी, तुमच्यासाठी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. बाईला समज राहिली नाही तर तिच्या वतीनं कोण बोलणार, तेही तिला आधीच ठरवता येतं. नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते, आपल्या गटातली बाई चालते. ती सज्ञान पाहिजे आणि तिची लेखी संमती पाहिजे. स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद, खाली सही किंवा अंगठा. कोरे कागद आणि शाईचं पॅड त्या टेबलावर ठेवलंय. जिला लिहिता येत नाही तिचं मी लिहून देते, जेवणाआधी या.