गोळी चुकते कोठें?

नेमबाजाची गोळी लक्ष्यापासून दोन बोटें बाजूस गेली कीं कारणांना तोटा नसतो. कधीं वारा आडवा आलेला असतो, कधीं ऊन डोळ्यांवर येतें, कधीं हात कांपतो. आणि यांपैकीं कांहींच घडलें नसेल तर बंदूक वाईट ठरते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डॉ. फ्रँकलिन मान यांचें मात्र असल्या उत्तरांनीं समाधान झालें नाहीं. शिक्षणानें वैद्य असलेल्या या गृहस्थांनीं कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याचें यंत्र काढलें, त्याच्या धंद्यांत पैसा मिळविला, आणि तो एकाच प्रश्नापायीं खर्च केला. एकाच नळींतून, एकाच नेमानें सोडलेल्या गोळ्या एकाच भोकांतून कां जाऊं नयेत?

लक्ष्यवेधाच्या सामन्यांत उतरणारे चोखंदळ नेमबाज त्या काळींहि आपलीं काडतुसें स्वतः भरीत. काडतूस म्हणजे चार जिनसा: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. उडविलेली पुंगळी वायां जात नाहीं. टोपी बदलून ती पुन्हा भरतां येते. दारूचें वजन ग्रेनांत करावयाचें, आणि ७००० ग्रेनांचा एक पौंड होतो, इतकें सांगितलें म्हणजे हें काम किती बारीक हिशेबाचें आहे तें ध्यानांत येईल. परंतु दारू कितीहि काटेकोर तोलली तरी गोळ्या विखुरत.

मान यांनीं प्रथम माणसालाच प्रयोगांतून काढून टाकलें. काँक्रीटचा एक भक्कम स्तंभ उभारून त्यावर त्यांनीं नळी बसविली. त्या स्तंभास ते कौतुकानें ‘जिब्राल्टर’ म्हणत. गोळीच्या मार्गांत पातळ कागदाचे पडदे टांगून प्रत्येक पडद्यावरील भोक मोजलें, म्हणजे गोळी वाटेंत कशी वळली याचा माग मिळे. मग त्यांनीं शाळेंतल्या खोडकर मुलालाहि शोभेल असा उद्योग आरंभिला. चांगल्या गोळ्या मुद्दाम बिघडवावयाच्या आणि काय होतें तें पहावयाचें! गोळीचें टोक छाटलें. फारसा फरक पडला नाहीं. बूड तिरपें घांसलें. गोळी भलतीकडे गेली. टोक अणकुचीदार असावें म्हणून जपणार्‍यांना हा निकाल विलक्षणच वाटला असेल. पण कारण उघड आहे. गोळी नळीच्या तोंडांतून बाहेर पडते त्या क्षणीं मागील वायु बुडाच्या तिरप्या बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीस कलता धक्का देतो.

दुसरें कारण तोलाचें. नळींतील खाचा दर १२ इंचांना एक वेढा घेतात असें समजूं या. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. तेवढ्या अंतरांत गोळी ३०० फेरे घेते. आंत एखादा बुडबुडा राहिल्यामुळें तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून इंचाचा फक्त एक सहस्रांश ढळला आहे. नळींत असेपर्यंत तो मध्य प्रत्येक फेर्‍यास ०.००६३ इंच परिघाचें वर्तुळ काढीत असतो. तोंड सुटलें कीं गोफणींतल्या धोंड्याप्रमाणें तो वर्तुळ सोडून सरळ आडवा निघतो. ३०० फेर्‍यांचें हें आडवें सरकणें सुमारें १.९ इंच होतें. येथें वारा नाहीं, ऊन नाहीं, हाताचा कंप नाहीं; सामान्य केसाच्या जाडीहूनहि कमी असा एक दोष आहे, आणि तो काडतूस भरण्यापूर्वींच गोळींत आहे.

बुडाचें महत्त्व ओळखून काम करणारा एक कारागीर होता, हॅरी पोप. त्यानें केलेल्या नळ्या मान यांनीं प्रयोगांत वापरल्या. शिशाची गोळी मागून खाचांत दाबली तर तिच्या बुडाशीं शिशाचे बारीक कंगोरे उठतात. म्हणून पोपच्या पद्धतींत गोळी तोंडाकडून आंत ढकलीत आणि दारूची पुंगळी मागून निराळी बसवीत. बूड त्यामुळें स्वच्छ राही. पुंगळीहि एकच, तीच दिवसभर पुनः पुन्हा भरावयाची. याच पोपनें सॅन फ्रान्सिस्कोस नवी कर्मशाळा थाटली आणि १९०६ च्या एप्रिलांतील भूकंपांत ती नष्ट झाली.

मान यांचा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. कारण सांपडत नव्हतें त्या चुकीला त्यांनीं बीजगणितांतील अज्ञात राशीप्रमाणें ‘एक्स’, म्हणजे आपला ‘क्ष’, असें नांव दिलें होतें. १९१६ सालीं ते वारले.

पुढें शिशाच्या जागीं तांब्याच्या वेष्टनाच्या गोळ्या आल्या. वेष्टन एका बाजूस जाड झालें तर पूर्वीचाच तोल ढळतो, म्हणून त्याची जाडी मोजूं लागले. पुंगळीची मान सर्व बाजूंनीं सारखी तासूं लागले, कीं गोळी नळीच्या मध्यरेषेंतच बसावी. काडतूस बसवितांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, कधीं दारू, कधीं गोळीची खोली, आणि पांच-पांच गोळ्या मारून पहाव्या, हा त्यांचा परिपाठ. दोन गोष्टी एकदम बदलणार्‍यास कोणती लागू पडली तें कळत नाहीं.

१९७३ सालीं मॅक मॅकमिलन या अमेरिकन नेमबाजानें १०० यार्डांवर पांच गोळ्या मारल्या. त्यांतील सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ०.००९ इंच भरलें; म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाच्या जाडीइतकें.