नाव कुणी ठरवायचे?

(सिल्व्हर पार्क, मीरा रोड येथे महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

नावात काय ठेवलंय, असे आपण सहज म्हणून जातो. पण नाव सांगताच जिला खोली नाकारली जाते, त्या बाईला विचारून बघा. मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबे जागेच्या शोधात मीरा रोडला आली. आजही दलाल आधी आडनाव विचारतो आणि मग जागा दाखवतो. आडनावावरून जात कळते, धर्म कळतो. घरकाम करणाऱ्या काही मुसलमान बाया कामाच्या घरी आशा किंवा सीमा होतात आणि संध्याकाळी घरी परतल्यावर पुन्हा स्वतःच्या नावाच्या होतात. हे टोपणनाव त्यांनी हौसेने घेतलेले नाही, पोटासाठी घेतले आहे.

बाईचे नाव बदलणे आपल्याकडे नवे नाही. 1865 साली कल्याणला जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. आपण तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. मनू गोखलेची लक्ष्मीबाई टिळक झाली. ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले की जुनी मुलगी संपली! गंमत बघा, नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून उखाणा, आणि तेच नाव जन्मभर आपल्या नावामागे लावून फिरायचे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तरी रेशनकार्ड, बँक, शाळा, सगळीकडे आपल्याला असे वागवतात की जणू तो आहेच.

पण काही बायकांनी स्वतःसाठी वेगळे नाव घेतले, त्याची गोष्ट मला आज मुद्दाम सांगायची आहे.

1885 साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे छापून आली. खाली सही होती : ‘एक हिंदू स्त्री’. ही स्त्री म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने पुढे नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. नवऱ्याने 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. स्वतःच्या नावाने लिहिले असते तर लोकांनी पत्रे बाजूला ठेवून तिच्या चारित्र्याची चर्चा केली असती. ‘एक हिंदू स्त्री’ या सहीमुळे ते दुःख एकटीचे उरले नाही, सगळ्यांचे झाले. 1887 मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. तेव्हा मात्र ती स्वतःच्याच नावाने उभी होती. पुढे ती डॉक्टर झाली.

दुसरी गोष्ट 1933 सालची. ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केले. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, तरीही लग्न अडलेल्या मुलींचे मन त्यात उघडे केले होते. महाराष्ट्रात खळबळ उडाली. पुस्तक काय म्हणते यापेक्षा ही बाई कोण, याचाच शोध जोरात सुरू झाला. ती होती बाळूताई खरे, 1938 नंतरच्या मालती बेडेकर. बाळूताई, विभावरी, मालती : या तीन नावांतले एकच ना माहेरचे होते ना सासरचे, आणि सगळ्यात धीट लिखाण त्याच नावावर आहे. याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. त्या काळात मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला आपले नाव घालून असे लिहिणे परवडणारे नव्हते.

उलट बाजूही आहे. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ आपल्या नावानिशी छापले. तेही वडिलांकडच्या आडनावाने. पुढे त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही.

मग बाईने नाव झाकावे की उघड करावे? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. ते ठरवते कोण, हा खरा प्रश्न आहे. मथुरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडले आणि 1980 पासून आपण रस्त्यावर उतरलो. त्या आदिवासी मुलीचे नाव देशभर फलकांवर गेले. तिला कुणी विचारले होते का? 1983 च्या कायद्याने बलात्कारित स्त्रीचे नाव छापण्यास बंदी केली. ती बंदी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. पण याच कायद्यात तिने स्वतः लेखी संमती दिली तर नाव देता येते. म्हणजे निर्णय तिचा. घरच्यांच्या अब्रूचा नव्हे आणि चळवळीच्या सोयीचाही नव्हे.

महाराष्ट्र सरकारने 2024 साली ठरवले की, 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लागेल. चांगलेच झाले. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीचे नाव मात्र पूर्वीसारखेच राहिले : तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. लेकराच्या कागदावर आई आली, आईच्या कागदावर ती स्वतः अजून यायची आहे.

मैत्रिणींनो, सरकारचे सरकार बघेल. आपल्या मंडळाच्या वहीपासून सुरुवात करू या. हजेरी लिहिताना ‘मिस्टरांचे नाव?’ असे विचारणे आजपासून बंद. आलेल्या बाईला विचारायचे : ‘ताई, तुमचे नाव कसे लिहू?’ कुणी माहेरचे सांगेल, कुणी सासरचे, कुणी नुसते पहिले. कुणी म्हणेल, खरे नाव नको लिहू, घरी कळेल. तेही लिहायचे, आणि तिने विश्वासाने सांगितलेले खरे नाव वहीबाहेर जाऊ द्यायचे नाही.