कवळी देण्यापूर्वी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दंतविभागाच्या वतीने केलेले भाषण)



दंतविभागाचे काम आपल्यापुढे मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. आमच्या विभागास मिळणाऱ्या देणग्यांपैकी पुष्कळशा कवळ्यांसाठी म्हणून येतात. त्यामागील भावना मी जाणतो. दंतहीन वृद्धाच्या मुखात कवळी बसते, तो आरशात पाहून हसतो आणि दात्यास आपल्या दानाचे सार्थक झालेले दिसते. जो दात काढावाच लागला नाही, त्याचे छायाचित्र मात्र कोणास दाखवता येत नाही. आज मला त्या न काढलेल्या दातांविषयी बोलावयाचे आहे.

मागे साठीच्या एक आजी खुर्चीत बसताच म्हणाल्या, “डॉक्टर, एकदाचे सगळे काढा आणि कवळी द्या.” त्यांच्या दातांना कीड फारशी नव्हती. हिरड्या मात्र सुजलेल्या होत्या, स्पर्श होताच रक्त येत होते आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस कीटणाचा जाड थर बसला होता. लाळग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात, म्हणून कीटण तेथे अधिक साचते. दातांवर रोज जमणारा जंतूंचा चिकट थर ब्रशने निघतो. तो तसाच राहिला, तर थोड्याच दिवसांत लाळेतील क्षार मुरून त्याचे कीटण बनते आणि मग ब्रशचे काही चालत नाही. पुढे जंतू हिरडीखाली उतरतात व दातास धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे सारे बहुधा वेदनेविना घडते, आणि म्हणूनच रुग्ण उशिरा येतो.

यावर उपाय म्हणजे यंत्राने कीटण काढणे, ज्यास आपण स्केलिंग म्हणतो. “मशीनने साफ केले की दात हलतात,” हा समज आम्हांस रोज ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की, हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाने त्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवलेले असते. ते निघाल्यावर फटी दिसतात व दात हलल्यासारखा वाटतो. घराची भिंत पोपडे काढल्याने कमकुवत होत नाही, ती आधीच झालेली असते.

आजींच्या हिरड्यांखालील भागही तीन-चार बैठकांत साफ करावा लागला. दोन दात वाचले नाहीत. बाकीचे आजही त्यांच्या तोंडात आहेत. त्या मशेरी लावीत. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत कायद्याचा हात कसा पोहोचावा? त्यांना मधुमेहही होता. मधुमेह अनियंत्रित असला की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णास आमच्याकडे पाठवावे, अशी माझी सहकारी डॉक्टरांना विनंती आहे.

किडीविषयी थोडक्यात सांगतो. कीड वरच्या कठीण आवरणापुरती व त्याखालच्या थरापुरती असेल, तर बहुधा एका बैठकीत सिमेंट भरून भागते. ती आतील नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. रूट कॅनालची भीती अनाठायी आहे. भाग बधिर करूनच ते केले जाते, आणि रुग्णास असह्य झालेली असते ती त्याआधीची रात्र.

सर्वांत अधिक हळहळ वाटते ती मुलांच्या दाढांची. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात व “पडेल आपोआप” म्हणून किडू देतात. ती कायमची असते! तिच्यावरील खोल खाचा उगवल्याबरोबर विशिष्ट लेपाने बंद केल्या, तर कीड लागण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. यास इंजेक्शन लागत नाही की दात कोरावा लागत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी दात घासण्यास तर खर्चही नाममात्र.

कवळ्यांचे काम थांबवावे, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांचे दात गेले आहेत त्यांना घास चावता आलाच पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे की, कवळ्यांसाठी येणाऱ्या देणग्यांतील काही भाग, दात्यांच्या संमतीने, स्केलिंगसाठी आणि शाळकरी मुलांच्या दाढांवरील लेपासाठी वापरू द्यावा. विश्वस्तांनी या सभेतच त्यावर विचार करावा.

आणि ज्यांच्या घरी सहा-सात वर्षांचे नातवंड आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यास उजेडात उभे करून आ करावयास सांगावे व खालच्या बाजूस अगदी मागची दाढ पाहावी. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर सोमवारी त्यास घेऊन यावे.