रेसिडेन्सीच्या पायऱ्या आणि चाकली ऐलम्मा



मराठवाड्यातून आपण आज हैदराबादच्या कोटी भागात आलो आहोत. समोर दिसते ती ब्रिटिश रेसिडेन्सी. 1803 च्या सुमारास रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने तिचं बांधकाम सुरू केलं. आराखडा लष्करी इंजिनिअर सॅम्युअल रसेलचा, पैसा निजामाचा. निजामाचा म्हणजे शेवटी रयतेच्या घामाचा.

नीट बघा. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सिंह, वर उंचच उंच कोरिंथियन खांब, आत दरबार हॉल. पायरीशी उभा राहणारा माणूस आपोआप लहान दिसावा, अशीच ही रचना आहे. सत्ता दगडा-चुन्यातूनही बोलते. खांबांवरचा गिलावा आजही लोक वाखाणतात. पण तो चुना घोटणारे हात कुणाचे, हे कुणी सांगत नाही. कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसाची प्रेमकहाणी मात्र रंगवून सांगतात.

आपल्याकडे पाटला-देशमुखाची गढी असते, तशी तेलंगणात देशमुखाची ‘गडी’. गडीतले कपडे फुकट धुणं हे चाकली, म्हणजे परीट जातीच्या माथी मारलेलं काम. त्या वेठीला तिथं ‘वेट्टी’ म्हणत. त्याच जातीतल्या पालकुर्तीच्या ऐलम्मांनी खंडानं जमीन कसायला घेतली. विसनूरच्या देशमुखाला ते खुपलं. उभं पीक बळकावायला त्यानं माणसं पाठवली. ऐलम्मा हटल्या नाहीत. संघमच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन त्यांनी धान्य घरी आणलं. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याची ती एक ठिणगी ठरली.

1949 मध्ये या रेसिडेन्सीत महिला कॉलेज आलं, 2022 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. 2024 मध्ये सरकारने त्याला ऐलम्मांचं नाव देण्याचं जाहीर केलं. ज्या जातीला गडीत मान वर करायची मुभा नव्हती, त्या जातीतल्या बाईचं नाव आता या सिंहांच्या वर!

पण साथींनो, कमानीवर नाव लागलं म्हणजे काम संपलं नाही. वेट्टी करणाऱ्यांच्या पणती या पायऱ्या चढून वर्गात बसतात का, पदवी घेऊन बाहेर पडतात का, शिकवायला परत येतात का, हे आपण विचारत राहिलं पाहिजे. इमारतीची डागडुजी चुन्यानं होते. इतिहासाची डागडुजी आपल्यालाच करावी लागेल.

जय भीम! जय सावित्री!