शिक्क्याखालची जागा

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे आणि मजकूर संपला की शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा लहान शिक्का बसे. कारण अगदी व्यवहारी होते. त्याखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते पत्राचे नव्हे, हे उघड होई. चिटणिसाला सुभाषिते येत नव्हती असे थोडेच! पण ती जागा त्याची नव्हती.

अमेरिकेच्या हवाई दलाने सरकारी ई-मेलमध्ये सहीखाली आवडीची वचने घालू नयेत असा नियम केला, त्यामागे आम्हांस हेच तत्त्व दिसते. महाराष्ट्र पोलिसांचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे साऱ्या दलाचे ब्रीद. शिपायापासून महासंचालकापर्यंत एकच. एकट्या अधिकाऱ्याच्या आवडीचे वचन तसे नव्हे. पुण्यामुंबईचा वाचक ते हसून सोडून देईल. पण एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या पायथ्याशी, डोंगरावर लोखंडाची खाण आणि घरची बोली माडिया. तेथे पुष्कळांना सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाचणारा सहीखालचेही वाचतो. त्यात शत्रुसंहाराचे एखादे वचन असले, तर हुकूम कोठे संपला हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? आणि विचारावे तरी कोणाला?