ध्येय कोणाचें व कोणासाठीं?
(धर्मग्रामाच्या शाळेंतील शिक्षकांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षांत शाळेनें एखादें ध्येय ठरवावें, ही सूचना योग्यच आहे. परंतु “दहावीचा निकाल शंभर टक्के” हें वाक्य फळ्यावर लिहिलें जाण्यापूर्वीं मला दोन शब्द बोलूं द्यावेत.

शंभर टक्के निकाल दोन वाटांनीं लागतो. एक वाट लांबची. मागें राहिलेल्या मुलास हात देऊन वर आणण्याची. दुसरी जवळची, त्यास नववींतच अडवावें, किंवा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसावयास लावावें. परीक्षेस बसणारांतून कच्चीं मुलें वगळलीं कीं टक्केवारी आपोआप चढते. हिशेब चुकत नाहीं. मूल मात्र गळतें. म्हणून ध्येयांत प्रथम हें लिहा कीं, जूनमध्यें पटावर असलेलें प्रत्येक मूल मोजलें जाईल.

१९८१ सालीं अमेरिकेंत जॉर्ज डोरन यांनीं व्यवसायांच्या चालकांसाठीं ध्येयाचीं पांच लक्षणें सांगितलीं. तें निश्चित असावें, मोजतां यावें, कोणाकडे सोंपविलें हें ठरलेलें असावें, वास्तव असावें व त्यास मुदत असावी. पुढें पुष्कळांनीं तिसरें लक्षण काढून त्या जागीं “साध्य” हा शब्द घातला. मला मूळचेंच बरें वाटतें. सर्वांनीं मिळून घेतलेलें काम बहुधा कोणाचेंच नसतें, हें आपणांस ठाऊक आहेच.

हें शाळेंत कसें उतरवावें? इलिनॉय राज्यांतील लिंकनशायर येथील ॲडले स्टीव्हन्सन हायस्कुलांत रिचर्ड ड्यूफोर हे १९८३ सालीं मुख्याध्यापक झाले. १९९८ सालीं त्यांनीं रॉबर्ट ईकर यांजसह आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. तींत एकच विषय शिकविणारे शिक्षक एकत्र बसून विचारतात: मुलांनीं काय शिकावें? तीं शिकलीं हें कसें कळेल? न शिकल्यास आपण काय करूं? आणि ज्यांना आधींच येतें, त्यांचें काय?

खरी कसोटी तिसऱ्या प्रश्नापाशीं आहे. समजा, सहावीच्या दोन्ही तुकड्यांतील प्रत्येक मुलास दिवाळीपूर्वीं भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज यावी. दहांपैकीं आठ उदाहरणें बरोबर यावींत, असें गणिताच्या शिक्षकांनीं ठरविलें. चांचणी दोहोंस एकच. एका तुकडींत बहुतेकांस आलें, दुसरींत निम्म्यांस नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या शिक्षकाची मान खालीं गेली, तर पुढील सभेंत कोणीही खरे आंकडे आणणार नाहीं. तो कागद त्याच्या गोपनीय अहवालास जोडूं नये; पहिल्यानें कसें शिकविलें एवढेंच विचारावें, आणि कच्चीं मुलें कांहीं दिवस त्याच्याकडे द्यावींत. मुलें तुकडीचीं नव्हेत, शाळेचीं आहेत.

हें साहाय्य शाळेच्या वेळेंतच व्हावें. शाळा सुटल्यावर भरणाऱ्या वर्गास नेमकीं तींच मुलें येत नाहींत, ज्यांच्यासाठीं तो भरतो. कोणास बस गांठावयाची असते, कोणास धाकट्या भावंडास घरीं न्यावयाचें असतें. त्यांस आळशी म्हणणें सोपें आहे.

आतां अडचण वेळेची. शिक्षकांनीं मधल्या सुटींत उभ्या उभ्या बोलावें, यास मी योजना म्हणत नाहीं. मुख्याध्यापक महाशय, यंदाचें वेळापत्रक अद्याप छापावयाचें आहे. गणिताच्या सर्व शिक्षकांस आठवड्यांतून एक तास एकाच वेळीं मोकळा राहील, अशी तजवीज त्यांत आजच करावी, ही माझी आपणांस विनंती आहे.